सोसायटीच्या भिंतीवरचं एईडी: बडोद्याच्या उन्हापावसात कोणतं टिकेल

आधी निकाल सांगून टाकतो. एईडी, म्हणजे कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला गरज असेल तर विजेचा झटका देणारं यंत्र, बंद खोलीत, पंख्याखाली राहणार असेल, म्हणजे दवाखाना, वाचनालय, बँकेची शाखा, तर फिलिप्सचं हार्टस्टार्ट एचएस१ पुरतं. सोसायटीचं गेट, व्यायामशाळा, गरब्याचं मैदान अशी धुळीची आणि पाण्याची जागा असेल तर त्याच घराण्यातलं एफआरएक्स घ्या. आणि जिथे छाती दाबणारे हात नवखे असतील, म्हणजे खरं तर सगळीकडेच, तिथे झोल एईडी प्लस त्याच्या वजनासकट आणि दहा सेलांसकट आम्हाला जास्त पटतं. ज्या कमिटीला यंत्र सेक्रेटरींच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं आहे तिने कोणतंच घेऊ नये. तेवढ्या पैशांत लिफ्टची दुरुस्ती उरकावी.

आता हे यंत्र नेमकं काय करतं ते. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एक मानल्या जातात. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस शुद्धीत असतो, घामाघूम होतो, छाती भरून आल्याचं सांगतो. अशा माणसाला एईडीचा काही उपयोग नाही. त्याला बसवून ठेवायचं, १०८ लावायचा आणि ईसीजीपर्यंत पोचवायचं. अरेस्टमध्ये हृदयातून रक्त पुढे जाणंच थांबतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. अटॅकमधूनच पुष्कळदा अरेस्ट येतो, पण इतर कारणांनीही येतो. सुरुवातीला बऱ्याच जणांचं हृदय पूर्ण बंद पडलेलं नसतं, ते नुसतं थरथरत असतं. या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात आणि ती शॉकने मोडता येते. रेघ सपाट झाली असेल तर शॉकने ती उठत नाही. सिनेमात दाखवतात ते खोटं. एईडी ही थरथर (किंवा तितकीच घातक, फार वेगवान लय) ओळखतं आणि ती असेल तरच झटका देऊ देतं. म्हणून ‘चुकून जिवंत माणसाला शॉक बसला तर?’ ही कमिटीच्या बैठकीतली ठरलेली शंका निराधार आहे. सरळ चालणाऱ्या हृदयाला हे यंत्र झटका देत नाही, बटण कितीही दाबलं तरी.

छाती दाबली नाही तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घसरण निम्म्यावर येते. रावपुरा, मांडवी, वाडी या भागांतल्या पोळांत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत, संध्याकाळी सात वाजता कोणतंही चारचाकी वाहन किती मिनिटांत शिरेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हे यंत्र त्या मधल्या मिनिटांसाठी आहे, १०८च्या ऐवजी नाही.

तिन्ही यंत्रं हातात घेतली की फरक कळतो. एचएस१ दीड किलोचं आहे. पुढचा हिरवा हँडल ओढला की ते चालू होतं आणि पॅडच्या, म्हणजे छातीवर चिकटवायच्या, झटका पोचवणाऱ्या पट्ट्यांच्या पेटीचं झाकण निघतं. बोलणं शांत, एकेक पायरी सांगणारं. पॅड लावेपर्यंत ते पुढे पळत नाही. शॉकचं बटण नारिंगी, वेळ आली की लुकलुकतं. शॉकनंतर निळं ‘आय’ बटण दाबलं तर छाती कशी दाबायची ते सांगतं आणि ठेका धरतं. प्रौढांसाठी झटक्याची ऊर्जा १५० ज्यूल, लहान मुलांसाठी वेगळी पॅडची पेटी आणि ५० ज्यूल. रोज, दर आठवड्याला आणि दर महिन्याला ते स्वतःची तपासणी करतं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा लुकलुकतो, नसेल तर यंत्र चिवचिवतं.

एफआरएक्सची मती हीच, कातडी जाड. बॅटरीही तीच चालते. पॅड आधीच जोडलेले असतात आणि मुलांसाठी वेगळी पेटी लागत नाही. एक गुलाबी-निळी किल्ली खाचेत घातली की ऊर्जा कमी होते. आठ वर्षांखालच्या किंवा २५ किलोंहून हलक्या मुलासाठी ही किल्ली. घाईत पेटी बदलण्यापेक्षा किल्ली घालणं केव्हाही सोपं, त्यामुळे ज्या सोसायटीत मुलं भरपूर तिथे हा मुद्दा वजनदार आहे. मुलांचे पॅड किंवा किल्ली जवळ नसेल तर मोठ्यांचेच पॅड वापरायचे, एक छातीवर आणि एक पाठीवर, एकमेकांना टेकू न देता.

झोल एईडी प्लस तीन किलोंच्या वर जातं आणि दिसायला बोजड आहे. पण त्याच्या पॅडच्या मधोमध हाताखाली येणारा सेन्सर आहे. तुम्ही किती खोल दाबता ते त्याला कळतं आणि ते ‘जोर लावा’ किंवा ‘चांगलं दाबताय’ असं बोलून सांगतं. बाजूच्या पट्टीवर खोली दिसते, ठेक्याचा टिकटिक आवाज येतो. ऊर्जा चढती: १२०, १५०, २०० ज्यूल. झाकण काढून खांद्यांखाली सरकवलं की मान थोडी मागे जाते आणि श्वासाची वाट मोकळी राहायला मदत होते. हे झाकण तसंच बनवलेलं आहे, पण माहितीपत्रक न वाचणाऱ्यांना ते कधीच कळत नाही.

पहिल्यांदा हात लावणारे जवळजवळ सगळेच उथळ दाबतात. बरगडी मोडेल ही भीती असते. हवी असते ५ सेंटिमीटरहून जास्त, ६च्या आत अशी खोली, आणि प्रौढ माणसाची छाती तेवढी खाली नेणं हे दमछाकीचं काम आहे. दोन मिनिटांत खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते स्वतःला जाणवत नाही. इथे झोलचा सेन्सर आपली किंमत वसूल करतो. दोन्ही फिलिप्स यंत्रं ठेका देतात, पण खोली मोजत नाहीत.

ऊन आणि पाणी

माहितीपत्रकातला बडोदेकराने आधी वाचायचा भाग हा. एचएस१ भिंतीवर टांगून ठेवायचं तापमान १० ते ४३ अंश सेल्सिअस दिलेलं आहे. एफआरएक्सचं ० ते ५०. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या छपराच्या वॉचमन केबिनमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. उष्णतेने यंत्र जळत नाही. पॅडवरची जेल सुकते. सुकलेला पॅड छातीला नीट चिकटत नाही, यंत्र ‘पॅड घट्ट दाबा’ म्हणत राहतं आणि मिनिटं जातात. बॅटरीचं आयुष्यही उन्हाने घटतं. दुचाकीच्या डिकीत, गाडीच्या मागच्या काचेखाली, पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर हे यंत्र ठेवू नका.

पाण्याच्या बाबतीत एचएस१ला आयपी२१ दर्जा आहे, म्हणजे वरून पडणारे थेंब तेवढे चालतील. एफआरएक्स आणि झोल एईडी प्लस दोन्ही आयपी५५: धूळ आणि पाण्याची धार सोसतात, बुडणं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरातल्या किती सोसायट्यांच्या तळमजल्यात शिरलं ते इथे राहणाऱ्याला आठवत असेलच. त्यामुळे जिथे पाणी चढतं त्या भागात पेटी पार्किंगच्या खांबावर नको. पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी, सावलीत, साधारण छातीच्या उंचीवर, रात्रीही दिवा असेल अशा ठिकाणी लावा. उघडल्यावर भोंगा वाजणारी पेटी घ्या. भोंग्याने चोरी तर टळतेच, शिवाय शेजारी बाहेर येतात, आणि त्या वेळी माणसं हवीच असतात. कुलूप नको. चावी ज्याच्याकडे असते तो नेमका सुरतेला गेलेला असतो.

अंतराचा नियम सोपा ठेवा. धावत जाऊन यंत्र घेऊन परत यायला तीन मिनिटांच्या आत वेळ लागला पाहिजे. चार बिल्डिंगच्या सोसायटीला बहुधा एक पुरतं, पण लिफ्ट धरून नव्हे, जिना धरून मोजा.

पेटीत यंत्राबरोबर काय हवं

कंपनी देते त्यावर थांबू नका. एक मजबूत, बोथट टोकाची कात्री, जी जाड कापड कापेल. नवरात्रात हिचं महत्त्व कळतं: आरसे, कवड्या आणि जरीचं भरतकाम असलेली चोळी घरच्या कात्रीने कापली जात नाही. दोन-तीन स्वस्त एकदा वापरायचे रेझर. सुती नॅपकिन, दोन. गरब्याच्या मैदानात छाती घामाने चिंब असते आणि ओल्यावर पॅड सुटतो. हातमोजे, दोन जोड. तोंडाने श्वास देण्याचं शिक्षण असलेल्यांसाठी एक झडपेचा मास्क. पॅडचा एक जादा संच. आणि जाड प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पानाचं कार्ड, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत. यंत्र विकत घेताना ते कोणत्या भाषेत बोलतं ते चालू करून ऐका, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. इंग्रजी बोलणारं यंत्र चित्रांवरून चालवता येतं, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या वहिनींना ते कार्डच आधार देईल.

वापरायची रीत

माणूस कोसळला की खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा अडखळत, घरघरत, मध्येच एखादा आचका येतो: अरेस्ट समजा. हा आचका सगळ्यात जास्त फसवतो. बघणारे ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबतात. तो श्वास नव्हे. मेंदूला रक्त मिळेनासं झाल्यावर उठणारी ती धडपड असते. सुरुवातीला हातपाय आकडीसारखे झटकलेही जातात. कांदा हुंगवणं, चप्पल धरणं, तोंडात पाणी घालणं, दातखीळ उघडायला चमचा घालणं हे काहीही करू नका. बेशुद्धाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीदुखीची गोळी) नको. आणि जोरात खोकत राहिलं की जीव वाचतो हा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा निरोप कृपा करून पुढे पाठवू नका. अरेस्ट झालेला माणूस खोकू शकत नाही.

कुणी एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने यंत्राकडे पळायचं. तिसऱ्याने लगेच शेजारी बसून छाती दाबायला लागायचं. माणूस गादीवर असेल तर खाली जमिनीवर घ्या. गादीवर तुमचा अर्धा जोर गादीच खाते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे बरोबर वर. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हातावर रेलून राहिलात तर हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढचा दाब रिकामा जातो. शिक्षण नसेल तर तोंडाने श्वास न देता नुसतं दाबत राहा. असेल तर ३० दाब आणि २ श्वास. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासाला महत्त्व जास्त.

यंत्र आलं की आधी चालू करा, मग बाकीचं. दाबणारा थांबणार नाही. पॅड दुसऱ्याने लावायचे. छाती उघडी, पुसलेली. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. चित्र पॅडवरच असतं. मागचा प्लास्टिकचा पदर सोलायचा असतो, ही गोष्ट लिहायला विचित्र वाटते, पण सरावात न सोललेले पॅड नेहमी दिसतात. केस दाट असतील तर पॅडपुरते झटकन भादरा. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यावर नको, थोडा बाजूला. औषधाचा चिकटपट्टा असेल तर काढून जागा पुसा. मंगळसूत्र काढायची गरज नाही, बाजूला सरकवा, पॅडखाली येऊ देऊ नका. ब्रा वर सरकवा किंवा कापा. बाईमाणसाच्या बाबतीत संकोचाने इथेच वेळ जातो, म्हणून दोघांनी चादर धरायची आणि तिसऱ्याने काम करायचं असं आधीच ठरवून ठेवा. ओल्या फरशीवर चालतं, साचलेल्या पाण्यात नाही.

यंत्र ‘हात लावू नका’ म्हणेल तेव्हा सगळे दूर. शॉक सांगितला तर ‘दूर व्हा’ असं ओरडून, नजर फिरवून, बटण. शॉक बसला की नाडी बघत बसायचं नाही. त्याच क्षणी पुन्हा छाती दाबायला लागायचं. झटक्याने लय सुटली तरी हृदयाला रक्त ढकलायची ताकद यायला वेळ लागतो. दोन मिनिटांनी यंत्र स्वतःच थांबायला सांगेल, तेव्हा दाबणारा बदला. ‘शॉकची गरज नाही’ ऐकून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि हात बाजूला घेतात, आणि सगळ्यात घातक चूक हीच असते. त्या वाक्याचा अर्थ ‘माणूस ठीक आहे’ असा नाही. रेघ सपाट असेल तरीही यंत्र हेच बोलतं. माणूस हलत नसेल, श्वास घेत नसेल तर दाबत राहा.

बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. येऊ द्या, हात नीट ठेवून पुढे चला. मोडलेली बरगडी जुळते. कायद्याची धास्ती असेल त्यांच्यासाठी: जीव वाचवायच्या हेतूने, संमती घेणं शक्य नसताना, सद्‌हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०चं संरक्षण आहे.

१०८शी कसं बोलायचं

गुजरातमध्ये १०८ २००७ सालच्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडीत एक पायलट, म्हणजे चालक, आणि एक ईएमटी, म्हणजे तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. फोनवर ‘चक्कर आली’ किंवा ‘तब्येत बिघडली’ म्हणू नका. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही, आम्ही छाती दाबतोय, आमच्याकडे एईडी आहे’ ही चार वाक्यं त्याच क्रमाने. गाड्या दोन प्रकारच्या असतात. मॉनिटर, डीफिब्रिलेटर आणि व्हेंटिलेटर असलेली एएलएस आहे का ते विचारा. पत्ता सांगताना पोळेचं नाव, मुख्य रस्ता आणि सगळ्यांना माहीत असलेली एक खूण. दांडिया बाजारात ‘गणपतीच्या मंडपाजवळ’ ही खूण भाद्रपदात चालत नाही, पाच मंडप असतात. एक माणूस पोळेच्या तोंडाशी उभा करा, एकाने लिफ्ट खाली धरून ठेवावी, पार्किंगमधल्या आडव्या दुचाक्या हलवाव्या.

ईएमटी आला की यंत्र बंद करू नका, पॅड सोलू नका. किती वाजता कोसळला, दाबणं कधी सुरू झालं, किती शॉक दिले, एवढंच सांगा. त्यांच्या मॉनिटरला तुमचे पॅड जोडता येतीलच असं नाही, तो निर्णय त्यांचा. चालत्या गाडीत एईडीला लय नीट वाचता येत नाही, म्हणून ते गाडी थांबवतात. मागून येणाऱ्या नातेवाइकांनी हॉर्न वाजवून घाई करू नये. आणि पाचव्या मजल्यावरून माणसाला उचलून खाली पळवण्याची घाई तर मुळीच नको. जिन्यात छाती दाबता येत नाही. पहिले शॉक आणि दाब जागेवरच.

पुढचं काम इस्पितळाचं, आणि तिथे नातेवाइकांना यंत्राची आठवण राहत नाही. पण याच वेळी ते सगळ्यात उपयोगी पडतं. एईडीमध्ये त्या प्रसंगाचा ईसीजी साठवलेला असतो. एचएस१मध्ये पहिल्या १५ मिनिटांचा. हृदयरोगतज्ज्ञाला ती पट्टी मिळाली की अरेस्टच्या वेळी लय कोणती होती हे अंदाजाने सांगावं लागत नाही. रक्तवाहिनीचा अडथळा, क्षारांची गडबड यांसारखं दुरुस्त होण्याजोगं कारण सापडलं नाही आणि थरथर नोंदलेली असेल, तर घरी सोडण्याआधी छातीत आयसीडी, म्हणजे थरथर ओळखून आतूनच झटका देणारं छोटं यंत्र, बसवायचं का हा प्रश्न येतो. त्या निर्णयात या पट्टीला मोल आहे. त्यामुळे पुरवठादाराशी करार करतानाच लिहून घ्या की वापरानंतर किती तासांत माणूस येऊन नोंद उतरवून देईल. उतरवण्याआधी कुणीही यंत्राशी खेळू नये.

सयाजी हॉस्पिटल असो की खासगी, हृदय पुन्हा चालू झाल्यावरचा क्रम साधारण ठरलेला असतो: बारा लीडचा ईसीजी, गरज असेल तर कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून मोकळ्या करायची खोली), श्वासनळीतली नळी, ताप चढू न देणं, साखर आणि रक्तदाब सांभाळणं. ‘शुद्धीवर कधी येणार’ हे दुसऱ्या दिवशी विचारून डॉक्टरांना कोंडीत पकडू नका. मेंदूबद्दल पक्कं बोलायला निदान ७२ तास जाऊ द्यावे लागतात, झोपेची औषधं चालू असतील तर आणखी. जागा झालेला माणूस तेच तेच विचारतो, त्या आठवड्याचं काही आठवत नाही, छाती ठणकते, लवकर चिडतो. हे नेहमीचं आहे. चिडचिड आणि उदासी लांबली तर फॉलो-अपमध्ये आवर्जून सांगा, नाहीतर कार्डावर फक्त गोळ्यांची नावं लिहिली जातात. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डाची मर्यादा जुलै २०२३पासून कुटुंबाला १० लाख रुपये आहे. कार्ड दाखल होतानाच दाखवा, बिल झाल्यावर नव्हे.

आभार मानायचे तर त्यांचे माना ज्यांना पुढचं काही कळत नाही. आयसीयूच्या डॉक्टरांना मिठाई मिळते. १०८चा ईएमटी आणि फोनवर पत्ता घेणारी मुलगी यांना तो माणूस जगला की नाही हे सहसा समजत नाही. घटनेची तारीख, वेळ आणि उचललेलं ठिकाण लिहून, ‘पेशंट चालत घरी आला’ एवढं पत्र १०८च्या कार्यालयात पोचवा. छाती दाबणाऱ्या वॉचमनभाऊंनाही एक फोन करा. पुष्कळ जणांना नंतर कित्येक रात्री झोप लागत नाही, आणि माणूस वाचला नाही तरीही त्यांना हे सांगायला हवं की त्यांच्या हाताने काही बिघडलं नाही.

देखभाल आणि खर्च

यंत्राची किंमत मॉडेल आणि पुरवठादाराप्रमाणे लाखाच्या आगेमागे फिरते, पण पहिल्या बिलावर निर्णय घेऊ नका. एचएस१चे पॅड साधारण दोन वर्षांनी आणि बॅटरी चार वर्षांनी बदलावी लागते. आठ वर्षांत म्हणजे पॅड तीनदा आणि बॅटरी एकदा. एफआरएक्सचं गणित जवळपास हेच. झोलचे पॅड आणि सेल दोन्ही पाच वर्षं चालतात, पण पॅड महाग आणि सेल एकदम दहा, १२३ए प्रकारचे, तेही कंपनीने सांगितलेल्या बनावटीचे. नवे सेल घातल्यावर आतलं रीसेट बटण दाबायचं असतं, आणि फक्त नवे घातल्यावरच. जुन्या सेलांवर ते दाबलं तर यंत्र त्यांना नवे समजतं आणि भरवशाची हिरवी खूण दाखवत राहतं. भावपत्रात पॅड आणि बॅटरीचा पुढच्या पाच वर्षांचा दर मागा. जो विक्रेता तो द्यायला कांकूं करतो त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

देखभालीला माणूस एकच नेमा, कमिटी नको. महिन्याच्या एक तारखेला, मेंटेनन्सच्या पावत्या फाडायच्या दिवशी, त्याने हिरवा दिवा बघायचा, पॅडवरची तारीख बघायची, कात्री जागेवर आहे का बघायची आणि वहीत सही करायची. दोन मिनिटांचं काम. गहाळ होणारी वस्तू कायम कात्रीच असते. प्रशिक्षण दर सहा महिन्यांनी, पुतळ्यावर, प्रत्येकाने पूर्ण दोन मिनिटं दाबायचं. नुसतं व्याख्यान आणि चहा-बटाटेवडा असेल तर तो वेळ वाया. वॉचमन, झाडूवाल्या ताई, लिफ्टमन आणि दुपारी घरी असणाऱ्या बायका आधी. नोकरदार मंडळी माणूस कोसळतो तेव्हा बहुधा मकरपुऱ्यात नाहीतर अंकलेश्वरला असतात.

जुनं, ‘रिफर्बिश्ड’ यंत्र ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसतं. त्याची बॅटरी कधी बसवली ते कळत नाही, कंपनीने एखादी सुधारणा जाहीर केली असेल तर ती झाली आहे का ते तपासता येत नाही, आणि बंद झालेल्या मॉडेलचे पॅड दोन वर्षांनी मिळेनासे होतात. बिलावर अनुक्रमांक आणि सीडीएससीओचा (केंद्र सरकारच्या औषध आणि उपकरण नियंत्रण संस्थेचा) आयात किंवा उत्पादन परवाना क्रमांक नसेल तर नकोच. गरब्याच्या आयोजकांनी नऊ रात्रींसाठी भाड्याने घेताना पॅडची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, यंत्र स्टेजच्या कडेला माईकवाल्याच्या शेजारी ठेवावं आणि त्याला एवढंच शिकवावं: गाणं बंद, दिवे पूर्ण, आणि कुठल्या गेटपाशी माणूस पडला आहे त्याची घोषणा.